डॉ. सिडनी रिंगर : बेडकाचे हृदय व नळाचे पाणी

रुग्णालयात आपल्या आप्ताच्या उशाशी बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांनी खाटेशेजारच्या दांडीस उलटी टांगलेली सलाइनची बाटली अवश्य पाहिली असेल. जुलाबांनी गळून गेलेले मूल असो, उन्हात काम करता करता कोसळलेला मजूर असो, किंवा प्रसूतीच्या वेळी फार रक्त गेलेली माता असो, वैद्याचा हात प्रथम त्या बाटलीकडे जातो. तिच्यावर पुष्कळदा रिंगर लॅक्टेट अशी अक्षरे असतात. परिचारिका घाईत तिला नुसते आर. एल. म्हणतात. रिंगर हे कोणा औषधी द्रव्याचे नाव असावे असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः ते एका मनुष्याचे नाव आहे. हा मनुष्य एकोणिसाव्या शतकात लंडन शहरी होऊन गेला. त्याचे नाव जगातील प्रत्येक इस्पितळात रोज उच्चारले जाते, परंतु त्याचे चरित्र मात्र फारच थोड्यांस ठाऊक आहे. ते आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या मातापित्यांस सादर करावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

सिडनी रिंगर यांचा जन्म इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरिच या गावी १८३५ साली झाला. घराणे व्यापाऱ्याचे होते. पंथाने ही मंडळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरील प्रॉटेस्टंटांपैकी होती. वडील सिडनी लहान असतानाच निवर्तले. तीन भावांपैकी दोघांनी पूर्वेकडचा रस्ता धरला. एकाने चीनमधील शांघाय बंदरात व्यापार केला व दुसरा, फ्रेडरिक, जपानातील नागासाकी येथे मोठा व्यापारी म्हणून नावारूपास आला. आज जपानात रिंगर याच नावाची शेवयांची उपाहारगृहे गावोगाव आहेत, ती ह्या फ्रेडरिकच्या नावावरून. एका भावाचे नाव सलाइनच्या बाटलीवर व दुसऱ्याचे शेवयांच्या दुकानावर, असा हा योग मोठा मौजेचा आहे खरा.

सिडनी मात्र वैद्यकाकडे वळले. १८५४ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. ह्या कॉलेजाची एक विशेष गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील जुन्या विद्यापीठांची द्वारे राजमान्य चर्चबाहेरच्या लोकांस दीर्घकाळ बंद होती. म्हणून १८२६ साली लंडनमध्ये हे नवे कॉलेज निघाले व त्यात प्रवेशास कोणत्याही धर्माची किंवा पंथाची अट ठेवली नाही. रिंगर यांसारख्या घरातील मुलास अशीच जागा हवी होती. तेथे त्यांनी १८६० साली वैद्यकाची पदवी मिळविली, १८६३ साली एम्. डी. ही वरची पदवी मिळविली, आणि पुढील सर्व आयुष्य ते कॉलेज व त्याचे इस्पितळ यांच्या सेवेत घालविले. जेथे शिकले तेथेच शिकविले, व तेथूनच १९०० साली निवृत्त झाले.

इस्पितळात त्यांची कीर्ती रुग्णशय्येशेजारी शिकविणारा उत्तम गुरू अशी होती. १८६९ साली त्यांनी औषधोपचारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वैद्यांस इतका उपयोगी वाटला की १८९७ पर्यंत त्याच्या तेरा आवृत्त्या निघाल्या. त्या काळातील पुष्कळ डॉक्टरांच्या मते रिंगर म्हणजे हा ग्रंथच होय. ग्रंथ आज कोणी उघडीत नाही. जे काम त्यांनी रोगी तपासण्याच्या आधीच्या व नंतरच्या फावल्या वेळात केले, ते मात्र राहिले आहे.

हे काम होते बेडकाच्या हृदयाचे. बेडकाचे हृदय शरीरातून काढले तरी, त्यास योग्य द्रवात ठेविले असता, ते कित्येक तास धडधडत राहते. आता योग्य द्रव म्हणजे काय? रक्त हे उत्तर सोपे आहे. परंतु रक्तात शेकडो द्रव्ये असतात, त्यांपैकी हृदय चालविणारी कोणती व नुसती सोबतीला असणारी कोणती, हा खरा प्रश्न होता. रिंगर यांनी शंभर भाग पाण्यास सुमारे पाऊण भाग मीठ ह्या प्रमाणात द्रव केला, त्यात एकेक क्षार अल्प प्रमाणात घालून पाहिला, आणि हृदयाच्या ठोक्यांची रेघ यंत्रावर उमटवून घेतली. १८८२ साली त्यांनी आपले निष्कर्ष शारीरविज्ञानाच्या नियतकालिकात छापले. मीठ व थोडासा पोटॅशियमचा क्षार असला म्हणजे हृदय उत्तम चालते, असे त्यांस आढळले होते.

ह्यानंतर जे घडले ते आमच्या मते त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. तोच प्रयोग पुन्हा करू जाता हृदय चालेना. तेच मीठ, तेच प्रमाण, तीच रीत. पण ठोके थोड्याच वेळात मंदावत व थांबत. शोध घेता उलगडा असा झाला की, पूर्वीचा द्रव ऊर्ध्वपातित म्हणजे वाफ करून थंड केलेल्या शुद्ध पाण्यात केलेला नव्हताच. तो साध्या नळाच्या पाण्यात केला होता. प्रयोगशाळेतील मदतनिसास पाणी ऊर्ध्वपातित करीत बसण्यात काही अर्थ दिसला नाही व त्याने तोटी सोडून भांडे भरले, अशी हकीकत त्या प्रयोगशाळेत पुढे सांगत असत.

नळाचे पाणी न्यू रिव्हर कंपनीचे होते. हा न्यू रिव्हर म्हणजे नैसर्गिक नदी नव्हे, तर १६१३ साली पूर्ण झालेला एक कालवा. हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचे पाणी तो केवळ उताराच्या बळावर लंडनपर्यंत आणतो. आमच्या बीडजवळील खजाना विहिरीचे पाणी ज्यांनी मोटेवाचून पाटाने शेतात खेळताना पाहिले आहे, त्यांस उतारावर पाणी नेण्याची ही युक्ती नवीन वाटणार नाही. हर्टफर्डशायरचे झरे खडूच्या खडकांतून येतात व खडू म्हणजे चुन्याचाच एक प्रकार. तेव्हा पाण्यात चुना उतरतो. आमच्याकडे काळ्या पाषाणातील विहिरींच्या पाण्यातही चुना असतोच. बंबाच्या तळाशी जी पांढरी खपली धरते ती त्याचीच खूण. रिंगर यांनी पाण्याचे पृथक्करण मिळवून ते छापले. दहा लक्ष भागांत कॅल्शियम सुमारे अडतीस भाग होते. एवढीशी ती मात्रा! परंतु शुद्ध पाण्याच्या द्रवात तेवढा कॅल्शियमचा क्षार घालताच थांबलेले हृदय पुन्हा चालू लागले.

१८८३ साली रिंगर यांनी दुसरा निबंध छापला व त्यात आपल्या पहिल्या निबंधातील निष्कर्ष चुकीचा होता, पाणी नळाचे होते, हे जगास सांगून टाकले. विचार करा, हा गृहस्थ त्या वेळी लंडनमधील एका मोठ्या इस्पितळाचा मुख्य वैद्य व प्राध्यापक होता. पहिला निबंध कोणी खोडून काढला नव्हता. मदतनिसावर ठपका ठेवून मोकळे होणे शक्य होते, किंवा काहीच न बोलता पुढचे काम करणेही शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. एवढेच नव्हे तर चुकीलाच प्रश्न विचारला. पाण्यात असे काय होते, हा प्रश्न त्यांनी टाळला असता तर हा शोध दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लागला असता.

पुढे त्यांनी ह्या क्षारांचा परस्परसंबंध बारकाईने तपासला. कॅल्शियम एकटेच असेल तर हृदय आकुंचन पावते खरे, परंतु ते लवकर सैल होत नाही. पोटॅशियम त्याला आवरते. दोन्ही योग्य प्रमाणात असली म्हणजे हृदय तासन् तास चालते. मीठ, पोटॅशियम व कॅल्शियम यांचा हा द्रव रिंगरचा द्रव म्हणून प्रसिद्धीस आला. १९३२ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील बालवैद्य अलेक्सिस हार्टमन यांनी आजारी मुलांच्या रक्तातील आम्लता कमी करण्याकरिता त्यात सोडियम लॅक्टेट मिळविले, आणि आजची बाटली तयार झाली.

रिंगर एका हृदयावर थांबले नाहीत. लहान मासे शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात टाकले तर काही तासांत मरतात, व त्यात चुन्याचा क्षार मिळविला तर पुष्कळ काळ जगतात, हेही त्यांनी दाखविले. शुद्धतेचा अर्थ जीवास हितकर असाच असतो असे नाही, ही गोष्ट यंत्राने गाळलेल्या पाण्याच्या ह्या दिवसांत लक्षात ठेवण्यासारखी आहे. हातापायांच्या स्नायूंचे मात्र त्यांस वेगळेच आढळले. बाहेरच्या द्रवातील कॅल्शियम नाहीसे झाले तरी हे स्नायू, हृदयाप्रमाणे चटकन न थांबता, बराच काळ आकुंचन पावू शकतात. मग हातापायांस बाहेरच्या चुन्याची गरज नाही की काय?

ह्या प्रश्नास निराळीच कलाटणी फ्रँक लॉक नावाच्या इंग्रज संशोधकाने १८९४ साली दिली. त्याने बेडकाचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसह काढून नुसत्या मिठाच्या द्रवात ठेविला. काही वेळाने मज्जातंतूस विजेचा धक्का दिला, तर स्नायू हलेना. पण तोच धक्का सरळ स्नायूस दिला, तर तो पूर्ववत आखडे. म्हणजे स्नायू शाबूत होता. बिघाड होता तो तंतू व स्नायू ह्यांच्या सांध्यात. द्रवात किंचित कॅल्शियम मिळविताच तंतूचा हुकूम पुन्हा स्नायूस पोहोचू लागला. ह्याचे कारण मात्र लॉकला सांगता आले नाही, आणि ते उमजण्यास आणखी साठसत्तर वर्षे लागली.

ती हकीकतही रिंगर यांच्या द्रवाशीच जडलेली आहे. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथे ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये रिंगरच्या द्रवात ठेवून, एकाचा मज्जातंतू उत्तेजित केला व त्याभोवतीचा द्रव दुसऱ्यास दिला; तर दुसऱ्याचेही ठोके मंदावले. मज्जातंतू आपला निरोप विजेने नव्हे तर एका रसायनाने पोहोचवितो, हे त्यावरून ठरले. त्या रसायनास अॅसिटिलकोलीन म्हणतात. हातापायांच्या स्नायूंतही हाच निरोप्या काम करतो, हे लंडनमध्ये हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली दाखविले. त्याच वर्षी डेल व लोवी ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅल्शियमचे कोडे सुटले ते पुन्हा रिंगर यांच्याच कॉलेजात. लाइपझिग येथे १९११ साली जन्मलेले बर्नार्ड कॅट्झ हे यहुदी असल्यामुळे त्यांस जर्मनी सोडावी लागली. १९३५ साली ते युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. पंथाची अट न घालणाऱ्या त्या संस्थेने एका निर्वासितास आसरा दिला. कॅट्झ व त्यांचे सहकारी पॉल फॅट आणि होसे देल कास्तियो ह्यांनी १९५० नंतरच्या चारपाच वर्षांत असे दाखविले की, मज्जातंतूच्या टोकातील रसायन थेंबाथेंबाने झिरपत नाही, तर ठराविक मापाच्या पुड्यांनी बाहेर पडते. एकेका पुडीत अॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू असतात. तंतू व स्नायू ह्यांच्या मधली फट मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी. ती ओलांडून हे रेणू पलीकडे जातात व स्नायू आखडतो.

आता कॅल्शियमचे काम काय? आमच्या विद्यार्थ्यांनी एका कोठाराची कल्पना करावी. आत धान्याची पोती रचून ठेविली आहेत, दाराशी पहारेकरी आहे, आणि बाहेर गिऱ्हाईक उभे आहे. मज्जातंतूतून विजेची लहर येते ती कोठाराची खिडकी मात्र उघडते; ती स्वतः पोते उचलीत नाही. खिडकीतून बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. आत कॅल्शियम इतके थोडे असते की बाहेर त्याच्या सुमारे दहा हजारपट असते. म्हणून खिडकी क्षणभर उघडली तरी ते लोटात घुसते. ते आत येताच पहारेकरी जागा होतो व पोती दाराबाहेर पडतात. बाहेर कॅल्शियम नसेल, तर खिडकी उघडूनही आत कोणीच येत नाही व पोती जागच्या जागी राहतात. लॉकच्या स्नायूचे हेच झाले होते. कॅट्झ व मेक्सिकोचे रिकार्दो मिलेदी यांनी १९६७ च्या सुमारास काचेच्या अतिसूक्ष्म नळीने कॅल्शियम नेमक्या क्षणी सोडून पाहिले. लहर येण्याच्या किंचित आधी ते पोहोचले तर निरोप जाई. किंचित उशीर झाला तर मुळीच जात नसे. १९७० साली कॅट्झ यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पहारेकरी कोण, हे तर फार उशिरा कळले. कॅल्शियम ओळखणारे ते प्रथिन शोधणाऱ्या टोमास स्यूडहोफ यांस २०१३ साली दोघा शास्त्रज्ञांबरोबर तेच पारितोषिक मिळाले.

ही सर्व विद्या बेडकापुरतीच आहे असे कोणी समजू नये. गर्भवती स्त्रीस रक्तदाब वाढून झटके येऊ लागले म्हणजे डॉक्टर मॅग्नेशियम सल्फेट टोचतात. मॅग्नेशियम हे ह्या खिडकीपाशी कॅल्शियमचा प्रतिस्पर्धी होय; मात्रा जास्त झाली तर स्नायू ढिले पडून श्वासही मंदावतो. म्हणून परिचारिका मधून मधून गुडघ्यावर हलकेच ठोकून पाय उडतो की नाही हे पाहते, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन जवळ ठेवते. लॉकने बेडकास जे दिले, तेच येथे मातेस दिले जाते.

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्यास अधिक जवळचे आहे. मण्यार जातीचा साप बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. दंश फारसा दुखत नाही. काही तासांनी पापण्या मिटू लागतात, बोलता येत नाही, गिळता येत नाही, मग श्वास अडखळतो. ह्या विषातील एक द्रव्य मज्जातंतूच्या टोकांतील ते कोठारच उद्ध्वस्त करते. पहारेकरी जागा करून उपयोग नाही, कारण पोतीच उरत नाहीत. प्रतिविष लवकर मिळाले तर पुढची हानी टळते, पण झालेली हानी ते भरून काढीत नाही. टोके पुन्हा वाढेपर्यंत कित्येक दिवस व्हेंटिलेटर नावाच्या यंत्राने श्वास चालवावा लागतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात व कोपीत जमिनीवर निजतात. त्यांच्या मुलांपैकी कोणी हे वाचीत असेल तर त्याने घरी अवश्य सांगावे की, मांत्रिकाकडे घालविलेली घटका मज्जातंतूंच्या टोकांच्या खर्चाने जाते, आणि रोगी गाडीत घालून थेट रुग्णालय गाठावे.

असो. रिंगर यांच्याकडे परत येऊ. त्यांचे सर्वच वर्तन अनुकरणीय होते असे लिहिणे सत्यास धरून होणार नाही. १८८३ साली त्यांनी व विल्यम मरेल यांनी सोडियम नायट्राइट ह्या द्रव्याचे परिणाम पाहण्याकरिता ते इस्पितळात येणाऱ्या रोग्यांस दिले व निबंध छापला. त्यातील त्रासदायक लक्षणे वाचून वर्तमानपत्रांतून मोठे काहूर उठले. ते रोगी गरीब होते, आणि उपचारासाठी आले होते, प्रयोगासाठी नव्हे. लोकांची टीका आम्हांस योग्य वाटते. ज्या वर्षी त्यांनी आपली शास्त्रीय चूक स्वतः होऊन प्रकट केली, त्याच वर्षी ही गोष्ट घडावी, ह्यात मनुष्यस्वभावाचे दोन्ही रंग दिसून येतात.

१८८५ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तरी सभासंमेलने व मानमरातब ह्यांची त्यांस फारशी हौस नव्हती. इस्पितळ, प्रयोगशाळा व घर ह्या तीन ठिकाणांत त्यांचे आयुष्य सामावले होते.

घरी मात्र एक घाव त्यांच्या मनावर कायमचा राहिला. १८६७ साली त्यांचा विवाह अॅन केल्ड यांच्याशी झाला. दोन मुलींपैकी एक बालवयातच वारली. यॉर्कशायरमधील लास्टिंगॅम ह्या लहानशा खेड्यात ह्या कुटुंबाचे घर होते. तेथील चर्च फार प्राचीन. त्याच्या खाली एक जुने तळघरातील प्रार्थनास्थान आहे. रिंगर यांनी मुलीच्या स्मरणार्थ स्वतःच्या पैशाने त्या चर्चचा जीर्णोद्धार करविला. जे. एल. पिअर्सन ह्या नामांकित स्थपतीच्या देखरेखीखाली ते काम १८७९ साली झाले. म्हणजे बेडकाच्या हृदयावरील कीर्तिदायक निबंध छापले जाण्यापूर्वीच ह्या बापाने हे दुःख पाहिले होते. आपल्या नावाचा द्रव पुढे असंख्य मुलांस मृत्यूच्या दारातून परत आणील, हे त्या वेळी त्यांच्या स्वप्नीही नसेल.

१८९९ साली पत्नी वारल्या. पुढच्याच वर्षी रिंगर यांनी इस्पितळाचा निरोप घेतला व ते लास्टिंगॅमला जाऊन राहिले. तेथे दहा वर्षे त्यांनी शांतपणे काढली. १४ ऑक्टोबर १९१० रोजी पक्षाघाताने त्यांचा अंत झाला, आणि जो चर्च त्यांनी मुलीसाठी दुरुस्त करविला होता त्याच्याच आवारात पत्नी व मुलीशेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली.